पंधराशे रुपयांचा टोमणा

पत्र: आमचा पाच जणांचा कट्टा आहे, शाळेपासूनचा. सकाळी सोलापूरच्या पार्क मैदानावर चालायचं आणि मग चहा, हे वीसेक वर्षं चालू आहे. माझा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आमच्यातला एक जण दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे मागांची देखभाल करतो, शहराच्या पूर्व भागात राहतो. त्याची बायको घरी विड्या वळते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला त्यानं महायुतीला मत दिलं, मी महाविकास आघाडीला. हे त्यानंच मला सांगितलं होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आला. माझं डोकं आधीच फिरलेलं. मी सगळ्यांसमोर बोललो, 'पंधराशे रुपयात विकले गेलाव बे तुम्ही.' तो काही बोलला नाही. पेढ्यांचा पुडा तिथंच ठेवला, आपल्या एकट्याच्या चहाचे दहा रुपये टपरीवाल्याच्या हातात दिले आणि गेला. आमच्यात कधी कुणी एकट्याचे पैसे देत नाही. तेव्हापासून तो आलेला नाही, महिना होऊन गेला.

मी खोटं बोललो असं मला अजूनही वाटत नाही. लाडकी बहीण योजनेच्या जिवावरच निवडणूक मारली, आणि ईव्हीएमचा घोळ वेगळाच. आपल्याच जिल्ह्यात मारकडवाडीला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. शिवाय प्रचाराच्या काळात यानंच आमच्या ग्रुपवर 'मुसलमानांच्या दुकानात खरेदी करू नका' असा मेसेज फॉरवर्ड केला होता. आमच्या पाचांतला एक मित्र मुसलमान आहे, मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. वातावरण बिघडायला नको म्हणून मी तेव्हा गप्प बसलो. दुसऱ्या बाजूला, माझ्या बहिणीच्या लग्नात पैसे कमी पडले तेव्हा याच्याच बायकोनं स्वतःच्या पाटल्या गहाण ठेवायला काढून दिल्या होत्या. तेही डोक्यातून जात नाही. साखर कारखान्याच्या चिमणीवरून आम्ही वर्षभर भांडलो, तरी कधी कुणी चहा सोडला नव्हता. आता तत्त्व धरू की मैत्री?

उत्तर: तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तत्त्व सोडायला तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. तुमच्या मित्रानं 'मत बदल' म्हटलेलं नाही, 'आघाडीला शिव्या घाल' म्हटलेलं नाही. तो पेढे घेऊन आला, एवढंच. त्याच्या आनंदात सामील होणं तुम्हाला जड गेलं हे मी समजू शकते. निवडणूक हरल्यावर समोरच्याचा पेढा गोड लागत नाही. तुम्ही 'मला नको' म्हणून तोंड फिरवलं असतं तरी तो हसला असता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला असता. पण तुम्ही त्याला विकाऊ म्हणालात, आणि तेही चार जणांत. तुमच्यात जे तुटलंय ते त्या शब्दानं.

आणि तो शब्द नेमका कुणाला लागला ते बघा. पंधराशे रुपये तुमच्या मित्राला मिळत नाहीत. लाडकी बहीण योजनेचे पैसे थेट बाईच्या नावावरच्या खात्यात जातात. म्हणजे विकलं कोण गेलं? तुमच्या बोलण्याचा अर्थ एकच निघतो, की वहिनी विकल्या गेल्या आणि त्यांच्यापाठोपाठ नवरा. ज्या बाईनं तुमच्या बहिणीच्या लग्नासाठी पाटल्या काढून दिल्या तिच्याबद्दल तुम्ही हे बोललात. तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं यावर माझा विश्वास आहे. पण तो घरी गेला असेल, 'आज पेढे लवकर संपले वाटतं' असं काहीतरी तिनं विचारलं असेल, आणि त्याला उत्तर देता आलं नसेल. महिनाभर तो आला नाही याचं मला नवल वाटत नाही.

विडीचं काम तुम्ही पाहिलंय, तुम्ही सोलापूरचे आहात. पान भिजवायचं, कात्रीनं मापात कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, आणि मजुरी हजार विड्यांवर. त्यातही खराब ठरलेल्या बाजूला काढल्या जातात. पाठ, मान, डोळे सगळं त्यात जातं. असं काम करणाऱ्या बाईला महिन्याला पंधराशे रुपये, स्वतःच्या नावावर, कुणापुढे हात न पसरता मिळाले, तर तिला सरकारबद्दल बरं वाटलं यात लाज वाटण्यासारखं काय आहे? जुलै २०२४ पासूनचे पाच हप्ते निवडणुकीआधी मिळाले, म्हणजे साडेसात हजार. तुमच्या कारखान्याच्या हिशेबात ही रक्कम कदाचित एका मोटरच्या दुरुस्तीची असेल. तिच्या घरात ती वर्षाची वह्या-पुस्तकं आणि दप्तरं असू शकते. मालकानं कामगाराला 'पैशाला विकला गेलास' म्हणणं वेगळं लागतं. तुम्ही त्याचे मालक नाही, पण कारखानदार आहात आणि तो जॉबर आहे. कट्ट्यावर हा फरक तुम्ही कधी मध्ये येऊ दिला नसेल. त्या दिवशी तो आला.

आता तुमच्या रागातल्या दोन गोष्टींबद्दल, कारण त्या मनातून गेल्याशिवाय तुम्ही मोकळ्या मनानं त्याच्या दारात जाऊ शकणार नाही.

पहिली गोष्ट पैशाची. महायुतीनं निवडून आल्यावर २,१०० रुपये देऊ म्हटलं होतं. तुम्ही ज्या आघाडीला मत दिलंत तिनं महालक्ष्मी योजनेत महिना ३,००० देऊ असं सांगितलं होतं. मग तुमच्याबद्दल कुणी 'तीन हजारांत विकला गेला' म्हटलं असतं तर? तुम्ही उसळला असता, आणि बरोबरच होतं ते, कारण तुम्ही तुमची कारणं असल्यामुळे मत दिलंत. योजनेवर टीका करायला माझी हरकत नाही. तिजोरीवर किती भार पडतो, निवडणुकीच्या तोंडावर पैसे वाटणं योग्य की अयोग्य, निकषांत कोण बसतं आणि कोण बसत नाही, हे सगळे खरे प्रश्न आहेत आणि ते सरकारला विचारायला हवेत. लाभ घेणाऱ्या बाईच्या चारित्र्यावर त्यांचा रोख जाता कामा नये.

दुसरी ईव्हीएमची. मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनानं ते होऊ दिलं नाही, आणि त्यावर राज्यभर चर्चा झाली. तुम्हाला मतमोजणीबद्दल शंका असेल तर ती बाळगण्याचा आणि मांडण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण मग नीट विचार करा. यंत्रानं मतं फिरवली असं तुमचं म्हणणं असेल, तर निकाल तुमच्या मित्रामुळे लागलेला नाही. आणि निकाल पंधराशे रुपयांमुळे लागला असेल, तर यंत्राला दोष देता येत नाही. तुम्ही दोन्ही एकदम म्हणताय. यातून एवढंच कळतं की हरल्याचं दुःख मोठं होतं आणि ते कुणावर तरी काढायचं होतं. जो सगळ्यात जवळचा, तो सापडला.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि एक गोष्ट मला खटकली. त्यात तुमच्या मित्रानं महायुतीला मत का दिलं याची एक ओळही नाही. पंधराशे रुपये हे कारण तुम्ही ठरवलंत. त्यानं काय सांगितलं होतं? तुम्ही विचारलं होतं का? माणसाच्या मताला दहा धागे असतात. आपल्या शहराचंच घ्या. कुंभारीजवळच्या रे नगरात विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी ३० हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला. त्यासाठी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या आडम मास्तरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण पंतप्रधान मोदींनी केलं. ज्या कामगाराला तिथं घराची किल्ली मिळाली त्यानं नोव्हेंबरमध्ये कुणाच्या नावापुढचं बटण दाबायचं? लाल बावट्याचं, की कमळाचं? दोन्ही उत्तरांत इमानदारी आहे. बाहेरून बघणाऱ्याला ती दिसत नाही, म्हणून ती नसते असं नाही.

आणखी एक बघा. मे २०२४ मध्ये सोलापूरनं काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांना ७४ हजारांहून जास्त मताधिक्यानं लोकसभेत पाठवलं. साधारण सहा महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण या तिन्ही जागांवर भाजपचे आमदार आले. याचा अर्थ हजारो सोलापूरकरांनी मे महिन्यात एक मत दिलं आणि नोव्हेंबरमध्ये दुसरं. जूनमध्ये हे लोक शहाणे होते आणि डिसेंबरमध्ये मूर्ख झाले का? किंवा उलट? मत हे त्या वेळेचं, त्या उमेदवाराचं, त्या घरातल्या अडचणींचं असतं. त्यावरून माणसाची किंमत करायला घेतली तर दर निवडणुकीला नवे मित्र शोधावे लागतील.

चिमणीचा उल्लेख तुम्हीच केलात, फार बरं झालं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती चिमणी १५ जून २०२३ ला पाडली तेव्हा या शहरात घराघरांत दोन तट पडले होते. होटगी रोडच्या विमानतळासाठी ती जायलाच हवी म्हणणारे एकीकडे, आणि हजारो ऊस उत्पादकांच्या पोटावर पाय कशाला म्हणणारे दुसरीकडे. तुम्ही वर्षभर भांडलात आणि तरी चहा चालू राहिला. का चालू राहिला असेल? कारण तेव्हा तुम्ही चिमणीबद्दल भांडत होता. उंची किती, पर्यायी जागा आहे का, गाळपाचं काय होणार, विमान खरंच येणार का. 'तू कारखान्याकडून पैसे खाल्लेस' असं कुणी कुणाला म्हणालं नाही. वाद विषयावर असेल तर तो आवाज चढवून केला तरी चालतो, सोलापुरात तर आवाज चढवल्याशिवाय वाद झालाय असं वाटतच नाही. एकमेकांची नियत काढली की वाद संपतो आणि दुसरंच काहीतरी सुरू होतं.

मत गुप्त असतं यालाही कारण आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९४ नुसार, तुम्ही कुणाला मत दिलं हे सांगायला तुम्हाला कोर्टसुद्धा भाग पाडू शकत नाही. मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागची चिठ्ठी सात सेकंद दिसते, तीही फक्त ज्याची त्याला. एवढं जपलेलं गुपित तुमच्या मित्रानं तुम्हाला आपणहून सांगितलं. तुम्ही विरोधी बाजूचे आहात हे माहीत असून सांगितलं. त्याचा तुमच्यावर केवढा भरवसा होता बघा. ते त्यानं सांगितलं नसतं तर तुम्ही हे बोलूही शकला नसता.

आता त्या फॉरवर्डबद्दल. इथं मला तुमच्यावर थोडं कडक व्हावं लागणार आहे.

मित्राच्या मताचा मान राखायचा म्हणजे त्याच्या मोबाइलमधून येईल ते सगळं गिळायचं, असा अर्थ मी कधीच करणार नाही. मत त्यानं मतदान केंद्रात दिलं, ते त्याचं आहे. 'अमक्यांच्या दुकानात जाऊ नका' हा मेसेज मात्र त्यानं अशा ग्रुपवर टाकला जिथं ज्याच्या दुकानाबद्दल तो आहे तोच माणूस वाचत होता. तुमच्या कारखान्यातली मोटर जळाली की ती कुणाकडे जाते? रात्री-अपरात्री कुणी वाइंडिंग करून दिलं की सकाळची पाळी चुकत नाही? त्याच्या पोटावर येणारी ही गोष्ट होती, आणि तुम्ही वातावरण जपलंत. कुणाचं वातावरण? त्याचं तर बिघडलेलंच होतं. तो रोज सकाळी त्याच माणसाशेजारी उभा राहून चहा पीत होता आणि त्याच्या बाजूनं तुम्ही चौघांपैकी एकही जण बोलला नव्हता.

म्हणजे जिथं बोलायला हवं होतं तिथं तुम्ही गप्प राहिलात, आणि जिथं तुमचा काही अधिकार नव्हता तिथं बोललात. हे वाचून वाईट वाटेल, वाटू द्या. पण या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नका. 'त्यानं तसा मेसेज टाकला म्हणून मी विकाऊ म्हणालो' हे खरं नाही, तुम्ही तेव्हा त्या मेसेजबद्दल बोलत नव्हता. आणि तो मेसेज त्याच्या मताला चिकटवूनही बघू नका. महायुतीला मत देणारे कितीतरी लोक असा मेसेज कधीच पुढे पाठवणार नाहीत, आणि तो न वाचता पुढे ढकलणारे सगळ्याच पक्षांत आहेत. त्यानं जे मत दिलं त्याला तुमची हरकत असायचं कारण नाही. त्यानं जे पाठवलं त्याला मात्र असायलाच हवी.

करायचं काय, ते आता सांगते.

पहिल्यांदा त्याच्या घरी जा. मेसेज नको, ग्रुपवर नको, तिसऱ्या मित्राच्या हाती निरोप नको. त्याची पाळी कोणती आहे ते विचारून घ्या आणि वहिनी घरी असतील अशा वेळी जा. बसल्यावर इकडचं-तिकडचं फार वेळ बोलू नका. 'त्या दिवशी मी जे बोललो ते चुकीचं होतं. तू विकला गेला नाहीस. आणि वहिनी, ते बोलणं तुम्हाला लागलं, मी तुमची माफी मागतो.' एवढंच. त्यापुढे 'पण' लावू नका. 'पण तूसुद्धा' नको, 'पण तुला कळायला हवं होतं माझी मनःस्थिती' नको. ईव्हीएम, मारकडवाडी, २,१०० रुपये, यातलं काहीही त्या दिवशी काढू नका. आणि त्या पाटल्यांचा विषय तुमच्याकडून अजिबात निघू देऊ नका. तुम्ही तो काढलात की तुम्ही जुन्या उपकाराची फेड करायला आलात असं होईल. त्या बाईला ते आवडणार नाही.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही खोटं बोललात असं तुम्हाला अजून वाटत नाही. तसंच वाटत असेल तर आज जाऊ नका. घरात बसून वरचं पुन्हा वाचा, आणि स्वतःला विचारा, की तो आणि वहिनी दोघं समोर बसलेले असताना तेच वाक्य तुम्ही पुन्हा बोलू शकाल का. जीभ अडली तर निघा.

तो चिडला तर चिडू द्या. तो म्हणाला, 'तुला खरंच वाटतं का रे मी विकला गेलो?' तर त्याच्याकडे बघून उत्तर द्या, खाली मान घालू नका. आणि तो मोकळा झाला तर तेव्हा विचारा, की तू का दिलंस मत. विचारल्यावर ऐका. खोडून काढायला ऐकू नका. त्यानं सांगितलेलं कारण तुम्हाला पटणार नाही असं धरून चाला, पटण्याची गरजही नाही. टोमणा सगळ्यांसमोर मारला होता, त्यामुळे कट्ट्यावरही सगळ्यांसमोर एकदा म्हणा की माझं चुकलं. तो तिथं आलेला असो वा नसो.

फॉरवर्डबद्दल त्याच बैठकीत बोलू नका, नाहीतर माफी म्हणजे सौदा होईल. तो विषय काढण्याआधी तुमच्या दुसऱ्या मित्राकडे, दुकानात जा. गिऱ्हाईक नसताना. त्याला सांगा की तो मेसेज आला तेव्हा मी बोलायला हवं होतं. त्याला काय वाटलं ते विचारा, आणि तो 'सोड की बे, जाऊ दे' म्हणाला तर लगेच सुटलो म्हणून निघू नका. असं त्याला आधीही बऱ्याच ठिकाणी म्हणावं लागलेलं असणार. त्याच्याशी बोलून झाल्यावर, आठ-पंधरा दिवसांनी, जॉबर मित्राला एकटा गाठा आणि सरळ सांगा, 'तो मेसेज आपल्यातल्या एकाच्या पोटावर येणारा होता. मला तो आवडला नाही, मी तेव्हाच सांगायला हवं होतं.' त्यानं तो कुणाकडून तरी आलेला नुसता पुढे ढकलला असण्याची शक्यता बरीच आहे. तसं असेल तर तो स्वतःच त्या दुकानात जाईल. त्यानं तो पूर्ण समजून, मनापासून पाठवला असेल आणि अजूनही तेच म्हणत असेल, तर मग ते तुमच्यातलं खरं भांडण आहे, आणि ते करायला हवं. ते महायुती-आघाडीचं भांडण नसेल. आपल्या मित्राचं दुकान चालावं की बंद पडावं, याचं असेल. त्यात मी तुम्हाला तडजोड करायला सांगणार नाही.

कट्ट्यावर राजकारण बंद करू नका. 'आता राजकारणाचा विषय नको' असा ठराव करणारे मित्र मी पाहिलेत. ते थोड्या दिवसांनी हवापाण्याबद्दल बोलू लागतात आणि मग भेटायचंच सोडतात. सोलापुरात तर पाण्याबद्दल बोललं की राजकारण आलंच. उजनी धरण जिल्ह्यात असताना नळाला काही दिवसांआड पाणी का येतं, समांतर जलवाहिनीचं काय झालं, यंत्रमागाची विजेची सवलत कुठं अडली, विडी कामगारांच्या किमान वेतनाचं काय, यावर खुशाल भांडा. तुमच्या पाचही घरांत नळाला पाणी त्याच दिवसांआड येतं. फॉरवर्ड मात्र ग्रुपवर बंद करा, दोन्ही बाजूंचे. ज्याला काही म्हणायचंय त्यानं स्वतःच्या शब्दांत, समोरासमोर म्हणावं.

 महापालिकेची निवडणूक लागेल तेव्हा तुमच्या पाच जणांची मतं पुन्हा पाच दिशांना जातील, आणि तेव्हा प्रभागातले उमेदवार ओळखीचे असतील, एखादा नात्यातला असेल. विधानसभेपेक्षा ते जास्त झोंबेल. म्हणून हे आत्ता, या आठवड्यात करा. आणि त्याच्याकडे जाताना पेढे नेऊ नका. रिकाम्या हातानं जा.